पेन्शनरांचं कोकण: माजी सैनिक संघटनेकडे का वळतो, का टाळतो

कोकणात माजी सैनिकांच्या तालुका संघाची सभा असली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. संघ चालवणारे म्हणतात, "काम असलं की येतात, एरवी फिरकत नाहीत." न येणारे म्हणतात, "तिथे जाऊन मिळणार काय?" मला दोघांचंही म्हणणं खरं वाटतं, आणि दोष कुणा एकाचा वाटत नाही. आपल्याकडे सैनिकांची जवळजवळ प्रत्येक संघटना सरकारने काहीतरी काढून घेतल्यावर किंवा द्यायचं टाळल्यावर उभी राहिली. अर्जासाठी जन्मलेली संघटना अर्ज मंजूर झाला की रिकामी होते, आणि पुढचा अन्याय झाला की पुन्हा भरते. हे आजचं नाही. याची सुरुवात शोधायला दापोलीला जावं लागतं.

दापोलीला आजही जुनी माणसं 'कॅम्प दापोली' म्हणतात. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणासाठी इथे लष्करी ठाणं केलं. नियमित फौज हलल्यावरही १८५७ पर्यंत वयस्क सैनिकांची पलटण इथे ठेवलेली होती. ठाणं गेलं तरी पेन्शनर राहिले. आजूबाजूच्या गावांतून मुंबई फौजेत गेलेले सुभेदार, जमादार, हवालदार नोकरी संपली की दापोलीत येऊन राहत. त्यात महार आणि चांभार समाजातल्या सैनिकांची संख्या मोठी होती. पलटणीच्या शाळेत ते लिहा-वाचायला शिकलेले होते, आणि महिन्याला हातात रोख पेन्शन होती. गावात ज्यांना पाणवठ्यावर येऊ देत नसत, त्यांच्या घरात वर्तमानपत्र वाचलं जात होतं. मंडणगडजवळच्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेबांचे वडील, निवृत्तीनंतर कुटुंब घेऊन आले ते दापोलीतच.

याच वस्तीत महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर राहत. तेही लष्करातून निवृत्त झालेले. १८९० मध्ये त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन केली. दलित चळवळीच्या इतिहासात या मंडळीला मानाचं स्थान आहे. पण कोकणात सैनिकी पेन्शनरांनी एकत्र येऊन चालवलेलं पहिलं व्यासपीठ म्हणूनही तिची नोंद व्हायला हवी, आणि ती फारशी कुणी करत नाही. १८९२-९३ च्या सुमारास ठरावीक जातीच लढायला लायक असतात असा 'लढाऊ जातीं'चा सिद्धांत पुढे करून सरकारने महारांची भरती बंद केली. ज्या घरांत तीन-तीन पिढ्या बंदूक हाती होती, त्या घरातल्या मुलाला भरतीच्या ठिकाणाहून परत पाठवलं जाऊ लागलं. १८९४ मध्ये वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून सविस्तर अर्ज तयार केला. आपल्या लोकांनी केलेली नोकरी, लढलेल्या लढाया, मिळवलेले हुद्दे, सगळं त्यात मांडलं.

त्या अर्जामागचा पेच आजही तसाच आहे. पेन्शन देणारं सरकार आणि अन्याय करणारं सरकार एकच. आपल्या दरमहाच्या पैशावर गदा येईल का, ही धास्ती पेन्शनराच्या मनात कायम असते. आज कोणी पेन्शन बंद करत नाही हे ठाऊक असूनही निवेदनावर सही करताना हात अडखळणारे हवालदार मी पाहिलेत. आयुष्यभर हुकूम पाळलेल्या माणसाला वरिष्ठांविरुद्ध कागद लिहिणं जड जातं. त्याला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं होईल.

भरतीचा प्रश्न पुढे पन्नास वर्षं लोंबकळला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तिथून लोक चवदार तळ्यावर गेले. त्या परिषदेला लष्करी पेन्शनर आवर्जून आले होते, आणि अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी याच भागातल्या जुन्या लष्करी पेन्शनरांच्या वैभवाची आणि भरतीबंदीने झालेल्या हानीची आठवण काढली. महार रेजिमेंट उभी राहिली ती थेट १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात.

त्याच काळात शेजारच्या वाडीतल्या मराठा घरांना भरती खुली होती. लष्कराच्या दप्तरात 'दख्खनी मराठे' आणि 'कोकणी मराठे' असे दोन वर्ग लावलेले असत, आणि कोकणी मराठ्यांची रीघ बेळगावच्या मराठा केंद्राकडे लागलेली असे. त्यांना अर्ज करण्यासाठी संघटना उभारायची गरज पडली नाही. त्यांची संघटना म्हणजे त्यांची पलटण. म्हणून एकाच तालुक्यातल्या दोन माजी सैनिकांना 'संघटना' म्हटल्यावर वेगवेगळं आठवतं. एकाला आजोबांची चळवळ, दुसऱ्याला पलटणीचा स्थापनादिन. आजही काही ठिकाणी महार रेजिमेंटवाल्यांचं मंडळ निराळं आणि तालुक्याचा संघ निराळा दिसतो, त्याची मुळं इथे आहेत. कुणी फूट पाडली म्हणून हे झालेलं नाही.

सरकारी बाजू याच सुमाराला सुरू झाली. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्याच्या शाखा निघाल्या. त्याचंच आजचं रूप म्हणजे केंद्रीय सैनिक बोर्ड, आणि जिल्ह्याच्या ठिकाणचं सैनिक कल्याण कार्यालय. अध्यक्ष जिल्हाधिकारी. वसतिगृहं, विश्रामगृह, मुलांच्या शिष्यवृत्त्या, ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी ही कामं तिथून चालतात. कामं चांगलीच आहेत. पण ही सैनिकांनी उभी केलेली संघटना नव्हे, ते सरकारचं खातं आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या मनात दोन्हींची सरमिसळ झालेली असते. "मी संघात आहे की" असं सांगणाऱ्याने पुष्कळदा फक्त जिल्हा कार्यालयाचं ओळखपत्र काढलेलं असतं.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सेना पंचवीस लाखांवर गेली. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. पण जे जिवंत परतले त्यांच्यापैकी बहुतेकांची नोकरी पेन्शनीइतकी भरलेली नव्हती. युद्ध संपलं, कपात झाली, हाती थोडे पैसे आणि पदकं देऊन घरी पाठवलं. ही माणसं भातशेतीत आणि मुंबईच्या गिरण्यांत मिसळून गेली. राज्य सरकारने पुढे अशा पेन्शन नसलेल्यांना आणि त्यांच्या विधवांना मासिक अनुदान दिलं, तेव्हा कागद शोधायची वेळ आली. कौलांखाली, भाताच्या कणगीमागे ठेवलेलं डिस्चार्ज बुक वाळवीने खाल्लेलं. त्या पिढीला संघटना मिळाली ती फार उशिरा, आणि बऱ्याच जणांना मिळालीच नाही.

दर्यावर्दी कोकणाची गोष्ट तर आणखी बोचरी. इंग्रजांच्या जुन्या आरमारात, म्हणजे मरीनमध्ये, आणि मग रॉयल इंडियन नेव्हीत रत्नागिरी किनाऱ्यावरचे खलाशी, विशेषतः कोकणी मुसलमान, पिढ्यानपिढ्या भरती होत. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर नाविकांचा संप सुरू झाला आणि नौदलभर पसरला. संप मिटल्यावर शेकडो नाविकांना बडतर्फ केलं, आणि स्वातंत्र्यानंतरही नौदलाने त्यांना परत घेतलं नाही. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान मिळायला पुढची अनेक वर्षं गेली. सैनिक म्हणून नोकरी केली, देशासाठी उठाव केला, आणि माजी सैनिकांच्या यादीत नाव नाही. किनाऱ्यावरच्या गावांत भूदलाच्या मानाने नौदलवाल्यांचं संघटनेशी नातं सैल का, असं विचारतात. या इतिहासाचा त्यात थोडा वाटा आहे असं मला वाटतं. दुसरं कारण साधं आहे. नौदलातून सुटलेल्याला व्यापारी जहाजावर किंवा गोदीत काम मिळे, तो गावात नसेच.

गावात नसणं हा तर सगळ्या कोकणचाच धर्म. जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून सुटतो तेव्हा पस्तिशीत असतो. मुलं शाळेत, घर अर्धं बांधलेलं. तो मुंबई-पुण्याला सुरक्षारक्षकाची, बँकेची, बेस्टची नोकरी धरतो आणि खऱ्या अर्थाने साठीलाच गावी येतो. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याला एकत्र यायला जागा लागत नाही असं नाही, पण ती आधीच भरलेली असते. वाडीची गावकी आहे, मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी आहे, शिमग्याला पालखी नाचवायची आहे. तिथे त्याची ओळख अमक्याचा मुलगा, तमक्या घरचा मानकरी अशी. वर्गणीची चौथी पावती फाडायला तो सहजी तयार होत नाही. सभांच्या तारखाही आडव्या येतात. २६ जुलैचा कारगिल विजय दिवस ऐन लावणीत. भर पावसात चिखलातून वर येऊन गणवेशाची टोपी आणि पदकं घालून तालुक्याला जाणारे थोडे. १६ डिसेंबरच्या विजय दिवसाला मात्र भात घरात आलेलं असतं, आणि गर्दी बघण्यासारखी असते.

देशपातळीवर फील्ड मार्शल करिअप्पांनी १९६४ मध्ये इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग उभी केली. कोकणातले बरेच तालुका संघ मात्र वाढले ते पेन्शनच्या भांडणातून. १९७३ मध्ये तिसऱ्या वेतन आयोगानंतर सैनिकी पेन्शनचा जुना हिशेब मोडला आणि जवानाचं नुकसान झालं. त्यातून 'एक हुद्दा, एक पेन्शन'ची मागणी आली, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी नोकरी असेल तर कधीही सुटलेल्याला सारखी पेन्शन. २००८ मध्ये इंडियन एक्स-सर्व्हिसमेन मूव्हमेंट निघाली, २००९ मध्ये सैनिकांनी पदकं परत केली, २०११ मध्ये राज्यसभेच्या कोश्यारी समितीने मागणी रास्त ठरवली, आणि जून २०१५ पासून जंतरमंतरवर धरणं बसलं. सप्टेंबरात घोषणा झाली, ७ नोव्हेंबरला आदेश निघाला. त्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडच्या संघांत जितकी नावनोंदणी झाली तितकी आधी कधी झाली नसेल. फरकाची रक्कम खात्यात जमा झाली, आणि सभा पुन्हा दहा-पंधरा जणांवर आल्या.

त्यानंतर एक गोष्ट उघड झाली, जी आधी सभ्यतेने झाकलेली होती. अधिकारी आणि जवान यांचं दुखणं एक नाही. सातव्या वेतन आयोगात लष्करी सेवा वेतन, म्हणजे सैनिकी कष्टांसाठी पगारावर मिळणारी जादा रक्कम, महिन्याला अधिकाऱ्याला १५,५०० रुपये आणि जवान-सुभेदाराला ५,२०० रुपये. बर्फात पाय दोघांचेही गोठतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवृत्त जवान जंतरमंतरवर स्वतंत्र बसले. आपल्याकडे कोकणात अधिकारी मोजके, त्यामुळे हीच दरी सुभेदार आणि शिपाई यांच्यात दिसते. संघाचा अध्यक्ष बहुधा सुभेदार मेजर किंवा ऑनररी कॅप्टन. "साहेब, माझं थोडं बोलायचं होतं," एवढं म्हणून नाईक मागे बसतो आणि सभा संपेपर्यंत बोलत नाही. घरी गेल्यावर बायकोला सांगतो, "पुन्हा जाणार नाही." ज्या संघांनी अध्यक्षपद फिरतं ठेवलं, खुर्च्या गोल मांडल्या, नावापुढचा हुद्दा सभेपुरता बाजूला ठेवला, तिथे माणसं टिकली. हे मी ठामपणे सांगू शकतो.

मग टिकतो कोण? ज्याला कागदाचं काम पडलं तो. कोकणात हे काम अवघड आहे. पोलादपूरच्या माणसाचं जिल्हा कार्यालय अलिबागला, मंडणगडच्या माणसाचं रत्नागिरीला. शंभरावर किलोमीटर, एसटीचा अख्खा दिवस. नोकरीच्या नोंदी ठेवणारी अभिलेख कार्यालयं तर त्याहून लांब. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, नाविकांचे मानखुर्दच्या चिता कॅम्पला. पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन यंत्रणेवर, प्रयागराजहून. दर वर्षी हयातीचा दाखला, आणि घराच्या पडवीत मोबाइलला रेंज नाही.

विधवेच्या बाबतीत तर अडचण नावापासूनच सुरू होते. लग्नात आपल्याकडे नाव बदलतात. जवानाने भरतीनंतर पलटणीत बायकोचं नाव कळवलं ते माहेरचं, किंवा क्लार्कने ऐकलं तसं. आधारवर 'लक्ष्मी', पलटणीच्या नोंदीत, म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्ये, 'लक्ष्मीबाई', शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. जन्मतारीख कुठेच जुळत नाही. नवरा गेल्यावर बाराव्याच्या आत ही बाई पिशवीत कागद घेऊन संघाच्या सेक्रेटरीकडे येते. तो बहुधा निवृत्त क्लार्क हवालदार. पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून वर स्टेपलर, स्टीलचा पेला ठेवत तो एकेक कागद लावतो. प्रतिज्ञापत्र, सरपंचांचा दाखला, पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची झेरॉक्स, मग अभिलेख कार्यालयाला पत्र. सहा महिने, कधी वर्ष. फी घेत नाही. कौटुंबिक पेन्शन सुरू झाली की ती बाई आयुष्यभर संघाची होते, आणि तिचा मुलगाही. कोकणातले संघ ज्यांच्यावर उभे आहेत ते हे सेक्रेटरी आणि या बायका. तरीही कार्यकारिणीत विधवांना जागा देणारे संघ विरळ. हे बदललं पाहिजे, आणि आजच बदलता येण्यासारखं आहे.

२०२० मध्ये राज्य सरकारने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ केली, तेव्हा ग्रामपंचायतींना हा आदेश दाखवायला आणि अंमल करून घ्यायला पुन्हा संघच धावले. जिथे संघ जागा होता तिथे माफी लवकर मिळाली.

आता प्रश्न आहे तो जून २०२२ च्या अग्निपथ योजनेचा. भूदलातल्या पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीला सुरू झालं. चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलं कायम होणार, बाकीची सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी येणार. पेन्शन नाही, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं औषधपाणी नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. जिल्हा कार्यालयाच्या नोंदवहीत त्यांच्यासाठी रकाना नाही. तालुका संघ मात्र नोंदणीकृत संस्था आहेत. सभासद कोणाला करायचं हे त्यांच्या घटनेत लिहिलेलं असतं, आणि ती घटना बदलायचा अधिकार त्यांच्याच सर्वसाधारण सभेला आहे. येत्या डिसेंबरच्या सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.