जिवंत प्रवाळमासे, हाँगकाँगच्या मेजवान्यांतील

प्रवाळखडकांच्या आसऱ्याने राहणारे मोठे मासे जिवंत आणून हॉटेलातल्या काचेच्या टाकीत ठेवायचे आणि गिऱ्हाइकाने निवडल्यावरच शिजवायचे, ही हाँगकाँग व लगतच्या ग्वांगडोंग प्रांतातील मेजवानीची रीत. यात मुख्यतः आपल्याकडे हेकरू किंवा गोबरा म्हणतात त्या कुळातले मासे असतात. शिवाय कपाळावर टेंगूळ असलेला भलाथोरला नेपोलियन रास.

कँटोनी, म्हणजे याच भागातल्या, स्वयंपाकात ताजेपणाला सर्वांत वरचा मान आहे. कोकणातल्या बाजारात गिऱ्हाईक कल्ला उचलून लाली बघते. हाँगकाँगच्या गिऱ्हाइकाला मासा पोहताना दिसावा लागतो. शिजवण्याची पद्धतही तशीच कडक. अख्खा मासा काही मिनिटे वाफवायचा, वर आले, पातीचा कांदा, कडकडीत तेल आणि सोया सॉस. मसाला नाहीच, त्यामुळे शिळेपणा लपवायला जागा उरत नाही.

पण एवढ्यावरून मागणीचा उलगडा होत नाही. मासा हा यजमानाच्या प्रतिष्ठेचा मामला आहे. साई कुंग किंवा लेई यू मुन या हाँगकाँगमधल्या मासळीच्या हॉटेलांसाठी प्रसिद्ध ठिकाणी टाक्यांसमोर यजमान स्वतः उभा राहून मासा निवडतो. वेटर तो तडफडणारा मासा जाळीत धरून टेबलाशी दाखवायला आणतो, मगच मासा स्वयंपाकघरात जातो. मेनूकार्डावर अनेकदा किंमत नसते, नुसते ‘आजचा भाव’ लिहिलेले असते. तो न विचारता मागवण्यातही ऐट असते. ताटात माशाचे डोके मुख्य पाहुण्याकडे केलेले असते आणि पहिला घास त्याचा. वरची बाजू संपली की तिकडच्या कोळी घराण्यांत मासा उलटत नाहीत, काटा उचलून खालचा भाग खातात. मासा उलटला तर होडी उलटेल ही भीती. साधारण 600 ग्रॅम ते 1 किलोचा मासा ताटात अख्खा बसतो, म्हणून त्याच आकाराला सर्वांत जास्त गिऱ्हाईक.

नववर्षाला आणि लग्नात मासा हवाच, कारण चिनी भाषेत ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ यांचा उच्चार एकच. लाल रंग शुभ, म्हणून ‘तुंग सिंग पान’ या ठिपकेदार हेकरूचा लालभडक नग त्याच जातीच्या तपकिरी नगापेक्षा महाग विकला जातो. चवीत फरक असो-नसो.

हाँगकाँगच्या भरभराटीबरोबर ही चैन मध्यमवर्गापर्यंत उतरली. जवळचे खडक रिकामे झाले, मग दक्षिण चिनी समुद्र, फिलिपाइन्समधला पालावान, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियाचा ग्रेट बॅरिअर रीफ. कित्येक ठिकाणी मासा जिवंत धरण्यासाठी पाणबुडे सायनाइडचे पाणी कपारीत फवारतात. मासा गुंगतो, प्रवाळ मरतो. त्यात हेकरूंच्या अनेक जाती आधी मादी असतात आणि वाढल्यावर नर होतात, त्यामुळे मोठे मासे धरले की नर कमी पडतात; शिवाय अंडी घालायला ते ठरावीक जागी जमतात. ती जागा एकदा ठाऊक झाली की थोड्या दिवसांत सगळा थवा हाती लागतो.

दुर्मीळ झाला म्हणून मासा टाळावा, असे इथे होत नाही. दुर्मीळ म्हणूनच तो पाहुण्याला शोभतो. शेततळ्यातला संकरित हेकरू स्वस्त आणि भरपूर मिळतो, तरी मोठ्या मेजवानीत रानटी मासाच श्रेष्ठ मानणारे खवय्ये आहेत. डिसेंबर 2012 पासून चिनी सरकारने अधिकाऱ्यांच्या उधळपट्टीवर निर्बंध आणले, तेव्हा सरकारी खर्चाच्या पंगतींना लगाम बसला. घरगुती समारंभ चालूच राहिले.

नेपोलियन रासचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2004 मध्ये ‘साइटीस’ या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेऊन नियंत्रित करण्यात आला. हाँगकाँगमध्ये तो विक्रीला ठेवण्यासाठी परवाना लागतो आणि परवान्यात माशांची संख्या ठरलेली असते. मात्र विकलेल्या माशाच्या जागी चोरटा मासा टाकीत सोडला तर संख्या तीच दिसते. यावर हाँगकाँग विद्यापीठातील संशोधकांनी उपाय काढला: या माशाच्या तोंडावरच्या रेघांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, तेव्हा टाकीतल्या माशांचे फोटो घेऊन पुढच्या तपासणीत ताडून बघायचे.