उपकरणाच्या तळाची पट्टी कशी वाचावी
(अमेरिकेतील टेलिफोन लाइनला जोडायच्या उपकरणांसाठी ग्राहक माहितीपत्रक)

आमचा फोन, फॅक्स, मोडेम किंवा अलार्मचा डायलर लाइनला जोडण्याआधी एकदा उलटा करून पाहा. तळाशी किंवा मागच्या बाजूला ‘यूएस’ने सुरू होणारी एक ओळ छापलेली दिसेल. घंटी वाजत नाही, टेलिफोन कंपनीने नंबर मागितला, अशा वेळी आम्ही सर्वांत आधी तीच ओळ विचारतो. ती या पत्रकाच्या मागे आताच उतरवून ठेवा. भिंतीवर बसवलेला फोन नंतर कोणी काढून बघत नाही.

पट्टी कशाची आहे

एफसीसी या अमेरिकेच्या सरकारी दूरसंचार नियामक संस्थेने १९६८ साली कार्टरफोन या उपकरणाबाबत दिलेल्या निकालाआधी अमेरिकेत टेलिफोन कंपनीच्या लाइनला बाहेरचे उपकरण लावायला परवानगीच नसे. त्यानंतर ग्राहकाची स्वतःची उपकरणे जोडता येऊ लागली. अट एकच: टेलिफोनच्या जाळ्याला अपाय होता कामा नये. ती अट एफसीसीच्या नियमावलीतील भाग ६८ मध्ये आहे, आणि उपकरण ती पाळते याची खूण म्हणजे ही पट्टी. अपाय चार प्रकारचे धरतात: टेलिफोन कंपनीच्या माणसाला शॉक बसणे, कंपनीची यंत्रे बिघडणे, बिलाची नोंद चुकणे आणि दुसऱ्या ग्राहकाच्या सेवेत व्यत्यय येणे. उपकरण चांगले चालते का, आवाज गोड येतो का, हे या नियमात येत नाही. तो आमच्या वॉरंटीचा विषय. तांत्रिक निकष आणि मंजूर उपकरणांची यादी आता एसीटीए ही परिषद सांभाळते.

ओळ अशी फोडायची

नमुना असा: यूएस : एएए ईक्यू ## टी एक्सएक्सएक्सएक्स. प्रत्यक्ष पट्टीवर मधल्या जागा नसतात, सगळे सलग येते. पहिली तीन अक्षरे जबाबदार कंपनीची, पुढची दोन उपकरणाच्या प्रकाराची. मग दोन अंक आरईएनचे (घंटीच्या वेळी उपकरण लाइनवर किती भार टाकते ते सांगणारा आकडा), त्यानंतरचे अक्षर घंटीच्या प्रकाराचे (बहुतेकदा ‘बी’ असते), आणि उरलेला भाग मॉडेलचा.

गोंधळ त्या दोन अंकांत होतो. आरईएन दशांशचिन्हाशिवाय छापतात. ०३ म्हणजे तीन नव्हे, ०.३. तसेच १० म्हणजे १.०. डिजिटल लाइनच्या उपकरणावर या जागी ‘एनए’ दिसेल, कारण तिथे घंटीचा प्रवाह नसतो. २३ जुलै २००१ नंतर मंजूर झालेल्या उपकरणांना ही पद्धत आहे. त्याआधीच्या उपकरणांवर नोंदणी क्रमांक वेगळा आणि आरईएन वेगळा, दशांशचिन्हासह, लिहिलेला असतो.

बेरीज करा

एका लाइनवर जोडलेल्या सगळ्या उपकरणांच्या आरईएनची बेरीज साधारणपणे ५.० च्या वर जाऊ नये. १.० आरईएन म्हणजे जुन्या, खऱ्या घंटीच्या एका फोनएवढा भार. एक्स्चेंज घंटीसाठी २० हर्ट्झच्या आसपास, नव्वदेक व्होल्टचा एसी दाब पाठवते. प्रत्येक उपकरण त्यातला आपला वाटा ओढते आणि भार वाढला की दाब खाली येतो.

उदाहरण घ्या. जुने घंटीचे दोन फोन १.० प्रमाणे २.०, फॅक्स ०.७, आन्सरिंग मशीन ०.६, कॉर्डलेसचा बेस ०.३, मोडेम ०.३, अलार्म पॅनेल ०.२. बेरीज ४.१. सगळे व्यवस्थित वाजते. मग कोणीतरी माडीवर तिसरा घंटीचा फोन लावतो आणि बेरीज ५.१ होते. लगेच सगळे बंद पडत नाही, म्हणूनच दोष सापडत नाही. लांबच्या खोलीतली घंटी किणकिणते, पण पूर्ण वाजत नाही. फॅक्स कधी उचलतो, कधी नाही. बोलणे आणि डायल करणे मात्र ठणठणीत. माणूस बिघाड नव्या फोनमध्ये शोधत बसतो. तो एक काढून पाहा, बाकीचे वाजू लागले तर दोष बेरजेचा आहे.

दोन लाइनच्या फोनचा आरईएन प्रत्येक लाइनला वेगळा धरावा. लाइन इंटरनेटच्या अ‍ॅडॅप्टरमधून येत असेल, तर ५.० गृहीत धरू नका. घंटीचा दाब तिथे एक्स्चेंजऐवजी ते छोटे यंत्र तयार करते, आणि काहींची क्षमता याहून बरीच कमी असते. आकडा अ‍ॅडॅप्टरच्याच पुस्तिकेत पाहावा. तुमच्या भागातली टेलिफोन कंपनीही नेमकी मर्यादा सांगते.

जॅक आणि दोरी

एका लाइनसाठी आरजे११सी, दोन लाइनसाठी आरजे१४सी. कंपनीने विचारले तर जॅकचे हेच नाव सांगा. ‘साधा छोटा जॅक’ म्हटल्याने काम होत नाही. सोबत दिलेली दोरी आणि प्लग नियमाला धरून आहेत. दोरी बदलायची झाल्यास २६ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचे अमेरिकी माप) किंवा त्याहून जाड घ्या. इथे आकडा लहान होतो तशी तार जाड होते, म्हणजे २४ चालेल, २८ चालणार नाही.

घरात लाइनला जोडलेला अलार्म असेल, तर नवे उपकरण लावल्यावर तो अजून फोन करतो ना, हे तपासून घ्या. अलार्म आरजे३१एक्स जॅकवर असतो. त्यामुळे गरज पडली की तो लाइन स्वतःकडे घेतो आणि घरातले फोन तोडतो. नवा फोन त्या जॅकच्या आधी, एक्स्चेंजच्या बाजूला लागला, तर उचललेला रिसीव्हर अलार्मची वाट अडवतो.

बिघाड झाल्यास

उपकरण लाइनवरून काढा. मग बाहेरच्या जोडणी-पेटीतल्या तपासणी जॅकला एक साधा फोन लावा. तिथेही खरखर असेल तर दोष कंपनीच्या बाजूचा. तिथे स्वच्छ असेल तर घरातल्या तारांचा किंवा उपकरणाचा. उपकरणामुळे जाळ्याला अपाय होत असेल, तर कंपनी तुमची सेवा तात्पुरती थांबवू शकते. शक्य असेल तर आधी कळवून, नसेल तर नंतर लवकरात लवकर कळवून. एफसीसीकडे तक्रार करण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो कंपनीने सांगितला पाहिजे. कंपनी पट्टीवरची ओळ मागू शकते, तेव्हा ती द्यावीच लागते. आतले भाग स्वतः बदलू नका. मंजुरी त्या मांडणीलाच मिळालेली असते.

विजेबद्दल एक गैरसमज नेहमीचा आहे: मंजूर उपकरण वीज पडूनही टिकेलच. चाचणीत दोन तारांमध्ये ८०० व्होल्टचा आणि दोन्ही तारांपासून जमिनीकडे १५०० व्होल्टचा झटका देतात, आणि त्या जोरदार झटक्यांनंतर उपकरण मेले तरी चालते, फक्त मरताना लाइनला अपाय करता कामा नये. सौम्य झटक्यांनंतर मात्र ते चालू राहावे लागते. म्हणून जिथे विजा जास्त, तिथे वीजपुरवठ्याला आणि लाइनला दोन्हीकडे सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारे साधन) लावा.

फॅक्स आणि आपोआप डायल करणारी उपकरणे

फॅक्सच्या प्रत्येक पानाच्या किंवा पहिल्या पानाच्या वरच्या अथवा खालच्या समासात तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचे नाव आणि फोन नंबर छापलेला असणे कायद्याने बंधनकारक आहे. यंत्र नवे असताना ही माहिती रिकामी असते. ती भरूनच पहिला फॅक्स पाठवा. आपत्कालीन नंबर साठवलेला डायलर तपासताना लाइनवर थांबा आणि पलीकडच्या माणसाला कारण सांगा. चाचणी पहाटे किंवा रात्री उशिरा, गर्दी नसताना करा.

बाकीच्या खुणा

फोनवर ‘एचएसी’ ही अक्षरे असतील तर तो श्रवणयंत्राबरोबर वापरता येतो. एफसीसीच्याच नियमावलीतील भाग १५ चा उल्लेख रेडिओ व्यत्ययाबद्दलचा आहे. तो भाग ६८ च्या ओळीची जागा घेत नाही. दोन्ही लागू असलेल्या उपकरणावर दोन्ही हव्यात. कॅनडासाठी ‘आयसी’ने सुरू होणारा क्रमांक वेगळा असतो.

पट्टी पुसट झाली असेल तर खरवडू नका आणि दुसऱ्या उपकरणाची पट्टी काढून लावू नका. मॉडेल आणि अनुक्रमांक कळवा, ओळ आम्ही नोंदीतून काढून देऊ.