लाडबोरीची रिंग आणि अंतराळाचा कायदा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांना आभाळात आगीचे लोळ सरकताना दिसले. कोणी म्हणालं उल्का, कोणी म्हणालं विमान पडतंय. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तेव्हा गावजेवणाची तयारी चालू होती. तिथल्या मोकळ्या जागेवर काहीतरी धाडकन आदळलं आणि माणसं घरात पळाली. पडली होती ती धातूची एक रिंग. व्यास जवळजवळ तीन मीटर, म्हणजे बैलगाडीची दोन चाकं शेजारी शेजारी ठेवावीत एवढी, आणि वजन चाळीस किलोच्या घरात. तालुक्यात नंतर धातूचा एक पोकळ गोळाही सापडला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा, असं कक्षांचा माग ठेवणाऱ्या अभ्यासकांनी लगेच सांगितलं. उपग्रह सोडून दिल्यावर रिकामा टप्पा लंबगोल कक्षेत फिरत राहतो. पृथ्वीच्या जवळून जाताना दर फेरीला विरळ हवेशी घासतो, थोडा वेग गमावतो आणि वर्षभराने खाली येतो. तो कुठे पडेल हे आधी नेमकं सांगणं जवळपास अशक्य असतं. वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटर, त्यामुळे वेळेचा अंदाज दहा मिनिटांनी चुकला तरी जागा साडेचार हजार किलोमीटरने सरकते. बरंचसं अ‍ॅल्युमिनियम वरच जळतं, कारण ते ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. टायटॅनियमला १,६६८ अंश लागतात. म्हणून दाबाखालच्या वायूच्या गोल टाक्या जमिनीपर्यंत साबूत पोचतात.

लाडबोरीत कोणाला इजा झाली नाही. पण ती रिंग एखाद्या गोठ्यावर पडली असती तर भरपाई कोणाकडे मागायची?

याचं उत्तर आहे, आणि तेही पन्नास वर्षं जुनं. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार अंतराळात गेलेल्या वस्तूची मालकी ती परत खाली पडली तरी बदलत नाही. म्हणजे ती रिंग भंगारात विकायची सोय नाही. तिचा मालक देश मागेल तर परत द्यावी लागते. आणि १९७२ चा नुकसानभरपाईचा करार सांगतो की जमिनीवर किंवा उडत्या विमानाचं नुकसान झालं, तर प्रक्षेपण करणाऱ्या देशाने पैसे भरायचे. चूक कोणाची हा प्रश्नच नाही. दावा मात्र गोठ्याच्या मालकाला या कराराखाली करता येत नाही. तो भारत सरकारने राजनैतिक मार्गाने करायचा, तोही एका वर्षाच्या आत.

हे कलम खऱ्या अर्थाने एकदाच वापरलं गेलंय. २४ जानेवारी १९७८ ला अणुभट्टी असलेला सोव्हिएत ‘कॉसमॉस ९५४’ उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. ऐन हिवाळ्यात सुमारे सव्वा लाख चौरस किलोमीटर बर्फाळ मुलूख धुंडाळून किरणोत्सर्गी तुकडे गोळा करावे लागले. कॅनडाने साठ लाख डॉलरचं बिल लावलं. १९८१ मध्ये तीस लाखांवर मिटलं. घासाघीस आपल्या ओळखीचीच!

आता यात खाजगी कंपन्या कुठे येतात? गंमत म्हणजे या करारांत त्या जवळपास नाहीतच. साठच्या दशकात सोव्हिएत संघाचा हट्ट होता की अंतराळात फक्त सरकारांनी जायचं. अमेरिकेला ते परवडणारं नव्हतं, कारण १९६२ मध्येच तिथल्या एका टेलिफोन कंपनीच्या पैशांनी ‘टेलस्टार’ हा उपग्रह वर गेला होता. तडजोड म्हणून करारात सहावं कलम आलं. खाजगी मंडळींनी खुशाल जावं, पण त्यांना परवानगी देणं, त्यांच्यावर सतत लक्ष ठेवणं आणि त्यांची जबाबदारी घेणं हे त्यांच्या देशाचं काम. थोडक्यात, पोराने काच फोडली की शेजारी बापाकडे येणार. तेव्हा घरात एखाददुसरं पोर होतं. आता ‘स्पेसएक्स’ या एकट्या अमेरिकी कंपनीचे हजारो उपग्रह वर आहेत.

त्यातही बाप एकच असतो असं नाही. ज्याने प्रक्षेपण केलं तो, ज्याने करवून घेतलं तो, आणि ज्याच्या भूमीवरून झालं तो, असे सगळेच देश ‘प्रक्षेपक’ ठरतात. जानेवारी २०१८ मध्ये आपल्या पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून बरेच परदेशी उपग्रह नेले. त्यांत ‘स्वॉर्म’ या अमेरिकी कंपनीचे चार चिमुकले ‘स्पेसबी’ होते, दहा सेंटिमीटर लांब-रुंद आणि तीन सेंटिमीटरही जाड नाहीत असे. एवढ्या लहान वस्तूंचा जमिनीवरून माग ठेवणं अवघड, म्हणून अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने त्यांना आधीच परवानगी नाकारली होती. तरी ते उडाले. आयोगाने नंतर कंपनीकडून नऊ लाख डॉलर वसूल केले. पण तेवढ्या काळात त्यातला एखादा कोणावर आदळला असता, तर कागदोपत्री भारतही भागीदार होता.

वर, कक्षेत, टक्कर झाली तर नियम उलटा होतो. तिथे चूक सिद्ध करावी लागते. १० फेब्रुवारी २००९ ला सैबेरियाच्या वर सुमारे ७९० किलोमीटरवर चालू स्थितीतला खाजगी ‘इरिडियम ३३’ आणि निकामी रशियन ‘कॉसमॉस २२५१’ हे उपग्रह एकमेकांवर आपटले. दोन हजारांहून जास्त मोठे तुकडे झाले. चूक कोणाची? मेलेल्याला वळता येत नव्हतं आणि जिवंताला कोणी वळ म्हणून सांगितलं नव्हतं. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे आपल्याकडे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं. कक्षेत असा एकही बंधनकारक नियम नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपच्या ‘एओलस’ उपग्रहाला स्पेसएक्सच्या एका ‘स्टारलिंक’ उपग्रहापासून बाजूला व्हावं लागलं. धोका वाढल्याचा निरोप स्पेसएक्सच्या माणसांपर्यंत पोचलाच नव्हता, कारण त्यांच्या निरोप देणाऱ्या यंत्रणेत बिघाड होता. दोन्ही बाजूंचा संवाद चालला होता ईमेलवर!

मुळात अंतराळ सुरू कुठे होतं हेही या करारांत लिहिलेलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादच्या ‘स्कायरूट’ कंपनीचं ‘विक्रम-एस’ ८९.५ किलोमीटरवर गेलं, भारतातलं पहिलं खाजगी रॉकेट. अमेरिकेत ८० किलोमीटरवर गेलेल्याला अंतराळवीर म्हणतात, म्हणजे तिथल्या हिशेबाने ते अंतराळात गेलं. शंभर किलोमीटरची रेघ मानणाऱ्यांच्या मते नाही गेलं.

अमेरिकेने परवान्याबरोबर विम्याचीही सक्ती केली आहे. नुकसान विम्यापलीकडे गेलं तर एका मर्यादेपर्यंत सरकार खांदा देतं. आपल्याकडे २०२० नंतर खाजगी कंपन्यांना दार उघडलं, परवानगी देणारी ‘इन-स्पेस’ आली, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आलं. मात्र धोरण म्हणजे कायदा नव्हे. परदेशाला भरपाई द्यायची वेळ आली तर ती सरकारी तिजोरीतून जाणार हे करारानेच ठरलंय. त्यातली किती रक्कम कंपनीकडून वसूल करायची, विमा केवढ्याचा घ्यायचा, हे संसदेने अजून ठरवलेलं नाही. अंतराळ व्यवहार विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये लोकांसमोर ठेवला होता, त्याचा कायदा झालेला नाही. मला ही दिरंगाई कंपन्यांच्याही मुळावर येणारी वाटते, कारण जोखमीला आकडा नसेल तर विमेवाला हप्ता कशावर सांगणार?

जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रीन हेडच्या किनाऱ्यावर शंखशिंपल्यांनी मढलेलं, माणसाहून उंच असं एक पिंप लाटांबरोबर येऊन लागलं. स्थानिकांनी आधी त्याच्यासोबत फोटो काढले, मग पोलिसांनी लोकांना लांब केलं. ते आपल्या पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं निघालं. या वेळी लाडबोरी त्यांची होती.