म्हादईकाठी तंबूत राहायला येण्याआधी

बुकिंगसाठी फोन आला की आम्ही आधी तारीख विचारतो आणि मग माणसे किती ते. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात नदीकाठी राहायचे तर पाणी किती असेल, रात्री पांघरूण काय लागेल, शेकोटी पेटवता येईल की नाही, हे सगळे तारखेवर ठरते. म्हणून हे पत्रक वाचताना कॅलेंडर जवळ असू द्या.

आमची जागा वाळपईच्या पुढे, म्हादईच्या काठावरच्या कुळागरात आहे. माड, पोफळी, त्यांच्यावर चढलेल्या मिरवेली, मधे जायफळाची झाडे आणि खाली नदी. हीच नदी पुढे पणजीला मांडवी होते. तिचा उगम मात्र बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या देगावच्या रानात. त्यामुळे आपल्याकडे लख्ख ऊन असताना वर घाटात पाऊस कोसळत असतो आणि ते पाणी कसलीही चाहूल न देता खाली येते. पाणी अचानक गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला, की त्या क्षणी काठावरून वर यायचे. सामान राहिले तरी चालेल.

जून ते सप्टेंबर आम्ही बंद असतो. जुन्या ग्राहकांनी आग्रह केला तरी उघडत नाही. २३ जुलै २०२१ ला सत्तरीत जो पूर आला, त्याचे पाणी कुठवर चढले होते ती रेघ आम्ही एका पोफळीवर रंगाने आखून ठेवली आहे. आल्यावर पाहाल, ती मोठ्या माणसाच्या छातीला लागते. ऑक्टोबरात पाऊस गेल्यासारखा वाटतो, पण दुपारनंतर गडगडाट असतोच, तेव्हा तोही महिना सोडतो. तंबू लागतात ते नोव्हेंबरच्या मध्यापासून.

पुष्कळ जण विचारतात, तंबू अगदी पाण्याजवळ, वाळवंटावर का लावत नाही? पहिल्या वर्षी आम्ही तसे लावले होते. नोव्हेंबरातच अवेळी पाऊस झाला आणि रात्री दोनच्या सुमारास वाळू पायाखाली ओली लागू लागली. झोपलेली मुले खांद्यावर घेऊन आम्ही बांध चढलो. पहाटे पाहिले तर चुलीचे दगड पाण्याखाली होते. कुणाला इजा झाली नाही, पण तेव्हापासून सगळे तंबू वरच्या पट्ट्यावर असतात. तिथून नदी दिसते, रात्री तिचा आवाज ऐकू येतो, आणि पाण्यापर्यंत पायऱ्यांची वाट आहे. या बाबतीत आमच्याशी वाद घालू नये ही विनंती.

डिसेंबर आणि जानेवारीची सुरुवात हे आमच्या मते सर्वांत चांगले दिवस. पाणी इतके निवळते की तळाचे गोटे मोजता येतात. मात्र किनाऱ्यावरून येणाऱ्यांना सत्तरीच्या थंडीचा अंदाज नसतो. पणजी-म्हापशाला पंख्याखाली झोपणारी माणसे इथे पहाटे गोधडी मागतात. दंवही भरपूर पडते. सकाळी तंबूच्या बाहेरच्या कापडावर बोट फिरवले तर पाण्याची धार लागते, आणि बाहेर ठेवलेले बूट, टॉवेल, मोबाइल सगळे भिजलेले असते. म्हणून रात्री सगळे आत घ्या, आणि तंबूची जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवा. पूर्ण बंद केलीत तर तुमच्याच श्वासाची वाफ आतून कापडाला धरते आणि अंथरुणावर ठिबकते.

आता गोचिडींविषयी. हे आम्ही प्रत्येकाला सांगतो, जाहिरातीला बरे दिसत नसले तरी. माकडताप, म्हणजे केएफडी (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज), हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला आणि २०१५ पासून सत्तरीतही त्याचे रुग्ण आढळले आहेत. जंगलातल्या गोचिडी चावल्याने तो होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. कोरड्या दिवसांत, साधारण डिसेंबर ते मे, त्याचा धोका असतो. आम्ही तंबूंभोवतीचा पाला रोज झाडतो आणि गुरे आत येऊ देत नाही. तुमच्याकडून एवढेच हवे: फुल पँट, मोजे पँटवरून ओढलेले, पूर्ण बाह्यांचा शर्ट, उघड्या अंगाला लावायचे प्रतिबंधक तेल किंवा मलम. पाचोळ्यावर बसू नका, आडवे तर मुळीच होऊ नका, आमच्याकडे चटया आहेत. रानात कुठे माकड मरून पडलेले दिसले तर जवळ न जाता आम्हाला सांगा. फिरून आल्यावर अंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाका, मुलांच्या कानामागे आणि काखेत नीट पाहा. घरी गेल्यावर आठ-दहा दिवसांत एकाएकी जोराचा ताप, डोके आणि अंग दुखणे सुरू झाले, तर डॉक्टरांना “सत्तरीत रानात राहून आलो” हे आठवणीने सांगा. त्या एका वाक्याने तपासणी योग्य दिशेने जाते.

सापांसाठी बॅटरी पुरेशी. रात्री बॅटरीशिवाय एक पाऊलही टाकायचे नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे चारही या भागात आहेत. चावा झालाच तर दोरी आवळणे, जखम कापणे असले काही करू नये. तो हात किंवा पाय हलवू नये आणि आम्हाला हाक मारावी. गाडी रात्रभर तयार असते. वाळपईचे सामाजिक आरोग्य केंद्र जवळ आहे, मोठे काही असेल तर बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. १०८ चा नंबर प्रत्येक तंबूत लिहिलेला आहे.

नदीत उतरायचे ते आम्ही दोरी बांधून दाखवतो तिथेच. नदी वळते तिथे वळणाच्या आतल्या बाजूला वाळू साचते आणि पाणी उथळ असते. बाहेरच्या बाजूला प्रवाह काठ खणत जातो आणि तिथेच कोंड, म्हणजे खोल डोह, तयार होते. वरून दोन्हीकडे पाणी सारखेच संथ दिसते. दगडांवर शेवाळ असते, तेव्हा पट्ट्याच्या सँडल आणा, साध्या चपला वाहून जातात. दारू पिऊन पाण्यात उतरू देत नाही, मग तो कुणीही असो.

जेवण आम्ही करतो. सकाळी पोदेर (पाववाला) येतो, पाव आणि पातळभाजी मिळते. दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज आणि आंब्याची मिसकूट, म्हणजे लोणचे. पेज मुले खाणार नाहीत असे आया म्हणतात, आणि मुलेच दुसऱ्यांदा मागतात. दुपारी भात, सोलकढी, एक भाजी. मिश्र भाज्यांचे खतखते किंवा गावठी कोंबडीची शागोती हवी असेल तर आदल्या दिवशी सांगा. शेकोटी फेब्रुवारीपर्यंतच, तीही आमच्या दगडी कट्ट्यावर. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात किती दिवस वणवे धुमसत होते हे सत्तरीत कुणी विसरलेले नाही. स्पीकर लावू नका. रात्री दहानंतर तो कायद्याने बंद असतो, आमच्याकडे दिवसाही नको.

शिगमोच्या, म्हणजे इथल्या शिमग्याच्या दिवसांत बुकिंग घेत नाही. आमची सगळी माणसे आपापल्या गावच्या मांडावर, म्हणजे उत्सवाच्या जागी असतात. त्या काळात सत्तरीत यायचेच असेल तर घोडेमोडणीचा नाच बघायला या आणि रात्री घरी परता. एप्रिल-मेमध्ये नदीची नुसती कोंडी उरतात आणि वळिवाच्या विजा असतात, तेव्हा नको.

निम्मे पैसे आगाऊ घेतो. पावसामुळे आम्ही रद्द केले तर सगळे परत देतो. एका वेळी नऊच तंबू लागतात, त्यामुळे नाताळच्या सुट्टीचे ठरवायचे असेल तर दिवाळीआधी कळवा.

रेल्वेने येणाऱ्यांनी थिवीला उतरावे. पणजीहून साखळीमार्गे वाळपईला कदंबची बस मिळते, बेळगावकरांना चोर्ला घाट सोयीचा. उजेड असताना पोहोचा. वाळपईच्या बाजारात आलात की फोन करा, पुढे रेंज जाते. आमचा माणूस तिठ्यावर येऊन उभा राहील.