काष्ठौषधीतले जड धातू : काय धुऊन जातं, काय नाही

अश्वगंधा, शतावरी अशा काष्ठौषधी, म्हणजे वनस्पतींपासूनची औषधं, घेताना लोक वास बघतात, मुळीची जाडी बघतात. शिशासारखा जड धातू ना वासाला कळतो, ना चवीला.

धातू दोन वाटांनी येतो. वरून येतो तो मुळीला चिकटलेल्या मातीतून आणि रस्त्याकडेला ताडपत्रीवर वाळवताना बसलेल्या धुळीतून. शिसेयुक्त पेट्रोल देशात 2000 साली बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत बसलेलं शिसं सहजासहजी हलत नाही. आतून येतो तो मुळांनी पाण्याबरोबर ओढलेला. कॅडमियम हा धातू यात पटाईत. ब्राह्मी, वेखंड ओलीतच वाढतात. सांडपाण्याच्या नाल्याकाठची ब्राह्मी कितीही टवटवीत दिसो, घेऊ नका. गोदाकाठची म्हणून कोणी दिली, तर नाले नदीला मिळतात त्याच्या वरच्या अंगाची की खालच्या, एवढं विचाराच.

वरचा मळ घरी निघतो. अख्खी मुळी 10 मिनिटं पाण्यात ठेवा, ताठ ब्रशने घासा. माती बेचक्यात आणि सुरकुत्यांत दडते, तिथे जास्त. मग तीन पाणी. तिसरंही गढूळ आलं तर चौथं. रात्रभर भिजवू नका, औषधी अंशच पाण्यात उतरतो. मुळी उभी चिरून सावलीत, कट्कन मोडेपर्यंत वाळवा. आषाढ-श्रावणात हा खटाटोप नको, बुरशी धरते. आतला धातू मात्र धुऊन जात नाही, उकळूनही मरत नाही. काढ्यात थोडाफार उतरतोच.

चूर्ण धुता येत नाही, म्हणून आम्ही अख्खा माल घ्या म्हणतो. चमचाभर चूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून 10 मिनिटांनी वरचं ओता. तळाला दाताखाली कचकचेल अशी रेती दिसली, तर मुळी न धुता दळली आहे. चुंबकाला चिकटतो तो चक्कीचा लोखंडी कीस. शिसं चुंबकाला लागत नाही, तेव्हा त्या परीक्षेवर विसंबू नका.

खरा निकाल प्रयोगशाळेचा. वनस्पतिज औषधांसाठी मर्यादा अशा : शिसं 10 पीपीएम (म्हणजे किलोमागे 10 मिलिग्रॅम), आर्सेनिक 3, पारा 1, कॅडमियम 0.3. अहवालावरचा बॅच क्रमांक पुडीवरच्या क्रमांकाशी जुळवा. ‘आढळले नाही’ लिहिलं असेल, तर यंत्र कितीपर्यंत मोजतं हेही छापलेलं हवं. नमुना पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून घेतलेला असावा. माती तळाशी साचते.

मर्यादेत म्हणजे शून्य नव्हे. 10 पीपीएमचं चूर्ण रोज 3 ग्रॅम घेतलं, तर 30 मायक्रोग्रॅम शिसं पोटात जातं. गरोदर बाई आणि लहान मुलांना वैद्यांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नका. पाऱ्याच्या रसौषधींना हे पत्रक लागू नाही.