परवानगी नाकारली, पण कोणी?

सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायला घ्यावं, हिरवी पट्टी निम्म्यापर्यंत सरकावी आणि मध्येच ओळ उमटावी: परवानगी नाकारली. कॉम्प्युटर आपला, पासवर्ड आपला, मग हा नकार देणारा कोण? राग निघतो त्या सॉफ्टवेअरवर. ते बिचारं फक्त निरोप्या असतं.

नकार देतो कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कुठलाही प्रोग्रॅम डिस्कला थेट हात लावू शकत नाही. फाइल उघडायची किंवा नवी तयार करायची तर कर्नेलकडे मागावी लागते. कर्नेल मुख्यतः दोन गोष्टी ताडून बघतो. ही जागा कोणाची, आणि मागणारा कोणाच्या नावाने चाललाय? जुळलं नाही, तर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये १३ क्रमांकाची एरर परत येते आणि तीच आपल्याला शब्दांत दिसते.

ही व्यवस्था एका मशीनवर अनेक जण काम करायचे त्या काळातली. बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेत १९६९ साली सुरू झालेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधून ती लिनक्स आणि मॅकमध्ये आली. प्रत्येक फाइलवर नऊ खुणा असतात: मालक, गट आणि इतर, या तिघांना प्रत्येकी वाचणं, लिहिणं, चालवणं. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, आणि बेरीज करून तिघांचा एकेक आकडा. म्हणून ७५५ म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचायला आणि चालवायला मोकळीक, लिहायला नाही. एक गंमत मात्र पटकन लक्षात येत नाही. नवी फाइल ठेवायची किंवा जुनी पुसायची तर बघितली जाते ती फोल्डरची परवानगी, फाइलची नव्हे. इन्स्टॉल करणं म्हणजे मुख्यतः नव्या फाइली ठेवणंच, त्यामुळे अडचण बहुतेक वेळा फोल्डरपाशी असते.

आता मशीन वापरणारे आपण एकटेच, मग ही चौकशी कशाला? तर पहारा आपल्यावर नसून आपल्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रॅमवर आहे. नेटवरून उतरवलेली कुठलीही गोष्ट आपण चालवली की ती आपले अधिकार घेऊन फिरते. सिस्टीमचे फोल्डर आपल्या नावावर नसल्यामुळेच ते तिच्या हाताला लागत नाहीत.

ते असतात रूट नावाच्या खात्याकडे. त्याचा क्रमांक ०, आणि युनिक्सच्या नऊ खुणा त्याला अडवत नाहीत. थोड्या वेळापुरतं रूट होण्यासाठी १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलो इथल्या विद्यापीठात सुडो हा प्रोग्रॅम लिहिला गेला. तो चालतो एका दहाव्या खुणेवर: ही खूण असलेला प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलच्या मालकाच्या नावाने चालतो. कल्पना युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक डेनिस रिची यांची, आणि तिचं पेटंटही त्यांच्या नावाने घेतलं गेलं होतं.

इथे तो प्रसिद्ध सल्ला आठवतो: सगळ्यालाच ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं, देऊन टाका. मीही एकदा वैतागून अख्ख्या सिस्टीमवर तो चालवला होता. ७७७ असा आकडा दिला की फाइलवरची ती दहावी खूण पुसली जाते, सुडोच्या फाइलवरचीसुद्धा. म्हणजे परवानगी मिळावी म्हणून केलेल्या उपायाने परवानगी मिळवायचं साधनच निकामी. शिवाय दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायला एसएसएच हा प्रोग्रॅम किल्ली म्हणून एक फाइल वापरतो; ती इतरांनाही वाचता येतेय हे दिसलं की तो ती वापरायचंच नाकारतो. मी शेवटी सगळं नव्याने इन्स्टॉल केलं.

दुसरा उपाय दिसतो साधा, पण छळतो जास्त: इन्स्टॉलच्या प्रत्येक आज्ञेपुढे सुडो लावणं. पिप किंवा एनपीएम (पायथन आणि जावास्क्रिप्ट या भाषांची पॅकेजं बसवणारी साधनं) असं चालवलं, की ते ज्या फाइली ठेवतं त्यांचा मालक रूट होतो. कधी कधी आपल्याच होम फोल्डरमधल्यासुद्धा, म्हणजे आपल्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या. दुसऱ्या दिवशी सुडोशिवाय तेच करायला जा, नकार. मग पुन्हा सुडो, आणि गुंता आणखी घट्ट. २०१८ मध्ये तर एनपीएमच्या ५.७.० आवृत्तीतल्या चुकीमुळे, ते सुडोने चालवलं की काही लिनक्स मशीनवर सिस्टीमच्या फोल्डरांची मालकीच बदलत होती.

म्हणून एरर आली की आधी तिच्यात लिहिलेला फोल्डरचा पत्ता वाचा. तो तुमच्या होममधला असेल, तर मालकी स्वतःकडे परत घ्या, फक्त त्याच फोल्डरची. पत्ता सिस्टीममधला असेल, तर प्रोग्रॅमला तिथेच जायची खरंच गरज आहे का ते बघा. पायथनसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजं ठेवायचा वेगळा फोल्डर, बनवलं किंवा एनपीएमला होममधला एखादा फोल्डर नेमून दिला, की रूटचा प्रश्नच उरत नाही. सिस्टीमचं स्वतःचं पॅकेज मॅनेजर, म्हणजे तिच्यासोबत येणारं सॉफ्टवेअर बसवायचं साधन, वापरत असाल, तर मात्र सुडो खुशाल लावा; ते काम त्याचंच आहे.

विंडोजची तऱ्हा थोडी वेगळी. व्हिस्टा या आवृत्तीपासून अॅडमिन खात्यातले प्रोग्रॅमसुद्धा साध्या अधिकारांनी चालतात, म्हणून काही वेळा इन्स्टॉलरवर राइट क्लिक करून 'अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' निवडावं लागतं. तरीही नकार आला, तर जुनी आवृत्ती मागे चालू आहे का किंवा अँटिव्हायरसने फाइल धरून ठेवली आहे का ते बघा. दुसऱ्याने उघडून ठेवलेल्या फाइलीसाठीही विंडोज कधी कधी हाच निरोप देतं.

आणि मॅकवर २०१५ पासून सिस्टीमचे काही फोल्डर रूटलाही बंद आहेत. तिथे सुडो लावूनही नकार आला, तर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसू नका, इन्स्टॉलरला दुसरा पत्ता द्या.