मालाची बांधणी

माल गोदामात ठेवताना किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना तो फुटू, चेपू, भिजू वा गंजू नये म्हणून केलेले वेष्टन, खोक्यातले भरण, थप्पीची रचना आणि आवळणी या सर्वांना मिळून मालाची बांधणी म्हणतात. शास्त्रीय लेखनात ‘संवेष्टन’ हा शब्द आढळतो. गोदामात मात्र सगळे ‘पॅकिंग’च म्हणतात. गिऱ्हाइकाच्या नजरेत भरावे म्हणून वस्तूवर चढवलेले रंगीत वेष्टन हा निराळा विषय. येथे विचार आहे तो बाहेरच्या खोक्याचा, त्याखालच्या पॅलेटचा (खोके रचून एकत्र उचलण्यासाठीच्या, बहुधा लाकडी, सपाट चौकटीचा) आणि दोघांना एकत्र धरून ठेवणाऱ्या फिल्म-पट्ट्यांचा.

गोदामात माल हलत नाही, पण त्याच्या डोक्यावर आठवडेच्या आठवडे ओझे असते. वाटेत त्याला धक्के, थरथर आणि चढउतार सोसावी लागते. एकीकडे टिकणारी बांधणी दुसरीकडे टिकेलच असे नाही. फुटतूट झाली की बोट बहुधा हमालाकडे किंवा चालकाकडे जाते. पण फुटलेला माल उघडून पाहिला तर खोक्यात राहिलेली मोकळी जागा किंवा भलत्या ठिकाणी आलेला भार, या दोहोंपैकी एक कारण वारंवार सापडते.

पन्हळी खोका : आज बहुतेक माल पन्हळी, म्हणजे आत नागमोडी कागदाचा थर असलेल्या, पुठ्ठ्याच्या खोक्यांतून फिरतो. नागमोडी कागदाचे पेटंट १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले गेले, ते टोपीच्या अस्तरासाठी. १८७१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी तो बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी वापरला, आणि १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी त्याला सपाट कागदाचे अस्तर चिकटवले. त्याआधी हेच काम लाकडी पेट्या, पिंपे, पोती, पेंढा आणि भुसा करत असत.

पन्हळी उभ्या राहतील अशा बेताने खोका कापलेला असतो, म्हणून तो वरचा भार पेलतो. हा भार चारही भिंतींवर सारखा वाटला जात नाही. ढोबळमानाने दोन-तृतीयांश भार चार उभे कोपरेच घेतात. थप्पीचे सगळे शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरते. कोपऱ्यावर कोपरा येईल अशी सरळ थप्पी लावली तर खोक्याची पुरी ताकद मिळते. विटांच्या भिंतीसारखे सांधे मोडत खोके रचले, तर थप्पी दिसायला भक्कम आणि हलायला कठीण असते. पण वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या भिंतीच्या मध्यावर, म्हणजे सर्वांत कच्च्या जागी येतो आणि ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. म्हणून पुष्कळ ठिकाणी खालचे थर सरळ रचून फक्त सर्वांत वरचा थर आडवातिडवा लावतात. खोका पॅलेटच्या काठाबाहेर दोन-तीन सेंटिमीटर जरी डोकावला, तरी त्या बाजूचे कोपरे अधांतरी राहतात आणि नुकसान तिथूनच सुरू होते.

दुसरा घटक आर्द्रता. खोक्याची ताकद सामान्यतः २३ अंश सेल्सियस तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत मोजलेली असते. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की पुठ्ठा पाणी शोषून जवळजवळ निम्मी ताकद गमावतो. तिसरा घटक काळ : प्रयोगशाळेत दोन-चार मिनिटे पेललेला भार पुठ्ठा महिनोनमहिने पेलत नाही, हळूहळू बसत जातो. त्यामुळे हिशेबात मुबलक वाव ठेवावा लागतो. बारा किलोचे सहा खोके एकावर एक असतील तर तळच्या खोक्यावर ६० किलो भार येतो. अशा ठिकाणी चाचणीत २०० ते ३०० किलो पेलणारा खोका निवडला, तर ती उधळपट्टी नव्हे.

भरण व गादी : वस्तू आणि खोका यांच्यामधली जागा भरण्यासाठी चुरगळलेला कागद, हवेच्या पिशव्या, बबल रॅप, थर्माकोल किंवा कापून बसवलेला फोम वापरतात. बबल रॅपचा जन्म १९५७ मध्ये अल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान यांच्या हातून झाला. त्यांना करायचा होता भिंतीवर चिकटवायचा उठावदार कागद. तो कुणी घेतला नाही. पुढे संगणकांच्या बांधणीसाठी तो खपू लागला.

गादीचे काम पडण्याचा धक्का लांबवणे हे असते. पाऊण मीटरवरून पडलेली वस्तू दीड सेंटिमीटरच्या अंतरात थांबली, तर तिला सरासरी गुरुत्वाच्या सुमारे ५० पट धक्का बसतो. तेच अंतर तीन सेंटिमीटर झाले तर धक्का निम्मा होतो. मात्र गादी जेवढी मऊ तेवढी चांगली, हा समज खोटा आहे. जड वस्तूखाली मऊ फोम पहिल्याच आदळण्यात पार तळाला टेकतो आणि मग तो नसल्यासारखाच. उलट हलक्या वस्तूखाली टणक फोम दबतच नाही. वस्तूचे वजन आणि ती टेकते ते क्षेत्र पाहून गादी निवडावी लागते. घरगुती पातळीवर एक साधी परीक्षा पुरते : बंद खोका कानाशी धरून हलवावा. आत काही सरकल्याचा आवाज आला, तर खोका पुन्हा उघडावा.

हलका खोका जास्त उंचीवरून पडतो, कारण तो एका हाताने उचलून टाकता येतो. चाचण्यांच्या नियमांतही हे दिसते. आंतरराष्ट्रीय सुरक्षित परिवहन संघाच्या, म्हणजे ‘इस्टा’च्या, प्राथमिक चाचणीत दहा किलोखालचा खोका सुमारे ७६ सेंटिमीटरवरून पाडतात, जड खोक्यांसाठी उंची कमी होत जाते. एकच खोका दहा वेळा पाडला जातो : एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहाही बाजूंवर एकेकदा.

पॅलेट व स्ट्रेच फिल्म : पॅलेटची मापे जगभर एक नाहीत. १२०० × १००० आणि १२०० × ८०० मिलिमीटर ही दोन फार प्रचलित आहेत. परदेशी जाणाऱ्या लाकडी पॅलेटबरोबर कीड जाऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटे द्यावे लागते, किंवा दुसरी मान्य प्रक्रिया करावी लागते. तसा गव्हाच्या ओंबीचा शिक्का लाकडावर असतो. प्लायवूड या नियमातून सुटते.

फिल्म पातळ पॉलिथिनची असते, साधारण १२ ते २५ मायक्रॉनची. ती ताणली की मूळ लांबीकडे परतू पाहते आणि या परतण्याच्या ओढीनेच माल आवळला जातो. न ताणता नुसती गुंडाळलेली फिल्म धूळ अडवते, माल धरत नाही. यंत्रे तिला दोन-तीनशे टक्क्यांपर्यंत ताणतात. हाताने एवढे जमत नाही. हाताने बांधणारा माणूस फिल्मचे टोक पिळून दोरीसारखे करतो, पॅलेटच्या एका ठोकळ्याला अडकवतो आणि कमरेत वाकून पॅलेटभोवती उलट्या पावलांनी चालू लागतो. पहिले तीन-चार वेढे खालीच. त्यातला अर्धा पन्हा पॅलेटच्या लाकडावर, अर्धा खोक्यांच्या पहिल्या थरावर. मग प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवत वर, वरच्या थराच्या काठाला थोडे ओलांडून, आणि पुन्हा खाली. घाईत चुकतात ते खालचे वेढे. खोके एकमेकांना घट्ट बांधले जातात, पण पॅलेटला नाही. पहिल्याच वळणावर अख्खा गठ्ठा पॅलेटवरून एकसंध सरकतो.

ताण अती झाला की कोपऱ्यावरचे खोके चिरडतात, म्हणून कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या उभ्या काटकोनी पट्ट्या लावतात. जड मालाला फिल्म पुरत नाही. तिथे पट्टी लागते. पॉलिप्रोपिलिनची पट्टी स्वस्त, पण काही दिवसांत सैल पडते. पॉलिएस्टरची ताण धरून ठेवते. पोलादी पट्टी सर्वांत मजबूत. कापताना ती उसळून तोंडावर येते, तेव्हा चष्मा आणि हातमोजे घालूनच कापावी.

ओलावा : बंद कंटेनर दिवसा तापतो आणि रात्री थंड होतो. दिवसा लाकडातून, पुठ्ठ्यातून आणि मालातून निघालेली वाफ रात्री छताला पाण्याचे थेंब होऊन लटकते आणि खाली पडते. बाहेरून थेंबभर पाणी न येताही माल भिजतो, याला ‘कंटेनरमधला पाऊस’ म्हणतात. उपाय म्हणजे सुके लाकूड, ओल शोषणाऱ्या पिशव्या आणि मालावर आच्छादन. लोखंडी सुट्या भागांसाठी गंजरोधक बाष्प सोडणारा कागद येतो; तो धातूभोवती बंद असेल तरच काम करतो. भाजी-फळे याच्या उलट : ती श्वास घेतात, त्यामुळे त्यांना सलग फिल्मऐवजी जाळीदार फिल्म लागते. गोदामात माल जमिनीवर न ठेवता पॅलेटवर आणि भिंतीपासून जरा हटवून ठेवतात. हवा खेळते आणि उंदरांची वर्दळही नजरेस पडते.

वाहनात : पॅलेट नीट बांधला म्हणजे तो वाहनाला बांधला गेला असे होत नाही, हे पुष्कळदा विसरले जाते. रस्त्यावरील मालासाठी प्रचलित युरोपीय मानक जोराचा ब्रेक लागल्यावर मालाच्या वजनाच्या ०.८ पट बल पुढे आणि वळणावर ०.५ पट बल बाजूला येते असे धरते. एक टनाचा पॅलेट म्हणजे ८०० किलोइतका रेटा. तो पेलायला समोरची भिंत, पट्टे आणि पॅलेटखाली रबरी चटई लागते. साध्या कंटेनरची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर असते; १२०० × १००० चा एक पॅलेट उभा आणि एक आडवा ठेवला तर २.२ मीटर भरतात आणि १५ सेंटिमीटर उरतात. एवढ्या फटीतही पॅलेट डावीउजवीकडे आपटून खोके फोडू शकतो, म्हणून तिथे हवेने फुगणाऱ्या पिशव्या बसवतात.

खुणा : खोक्यावरच्या चित्रखुणा आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेल्या आहेत : दोन उभे बाण म्हणजे ही बाजू वर, पेला म्हणजे नाजूक, छत्री म्हणजे ओलाव्यापासून जपा. भाषा न कळणाऱ्यालाही त्या कळाव्यात, ही त्यामागची योजना. चिठ्ठी एकाच बाजूला लावली तर पॅलेट रॅकमध्ये गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बसते, म्हणून लगतच्या दोन बाजूंना लावतात. यावर काही रचू नका, ही खूण मात्र जागेची टंचाई असली की सर्रास डावलली जाते. त्यासाठी काही जण वरच्या थरावर पुठ्ठ्याचा टोकदार शंकू चिकटवून देतात. त्यावर दुसरा पॅलेट ठेवला की शंकू चेपतो, आणि माल उतरवून घेणाऱ्याला ते दारातच दिसते.